राजीनामा म्हणजे आत्मटीका नव्हे : ओकेत्तो यांची निवृत्ती आणि इटलीतील पक्षाचे भवितव्य

१३ जून १९९४ रोजी इटलीतील डाव्या लोकशाही पक्षाचे सरचिटणीस आकिल्ले ओकेत्तो यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. आदल्याच दिवशी युरोपीय संसदेची निवडणूक झाली होती. तीत त्यांच्या पक्षाला १९.१ टक्के मते पडली, तर दूरचित्रवाणीचा मक्तेदार सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी याने त्याच वर्षाच्या आरंभी उभ्या केलेल्या पक्षाने ३०.६ टक्के मते मिळवली. त्यापूर्वी मार्चमधील सार्वत्रिक निवडणुकीतही ओकेत्तो यांनी बांधलेली पुरोगामी आघाडी पराभूत झाली होती आणि नवफॅसिस्टांना बरोबर घेऊन बेर्लुस्कोनी सत्तेवर आला होता. लागोपाठच्या दोन पराभवांची जबाबदारी स्वीकारून नेता बाजूला झाला. पुढाऱ्याने पराभवानंतर खुर्चीला चिकटून राहू नये, या लोकशाही संकेताला धरूनच हे घडले, असे पुष्कळांना वाटले आणि प्रकरण तेथेच मिटले.

ते तेथे मिटले हेच या प्रकरणातील खरे दुर्दैव होय. ज्या माणसाने पश्चिम युरोपातील सर्वांत मोठा कम्युनिस्ट पक्ष विसर्जित केला, तो माणूस गेला. पण ज्या राजकीय मार्गाने तो पक्ष विसर्जनाप्रत आला त्या मार्गाचा हिशेब कोणीही मागितला नाही. राजीनाम्याने हिशेबाची जागा घेतली. पुढील तीस वर्षांत इटलीच्या कामगारवर्गाला या चुकीची जी किंमत मोजावी लागली, ती पाहिली म्हणजे नेत्याचा राजीनामा आणि पक्षाची आत्मटीका या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे कोणाही पक्षसभासदाच्या ध्यानात येईल.

बोलोन्याचे भाषण

१२ नोव्हेंबर १९८९ रोजी, बर्लिनची भिंत खुली झाल्यानंतर तीनच दिवसांनी, ओकेत्तो बोलोन्या शहरातील बोलोन्यिना या कामगारवस्तीत गेले. फॅसिझमविरुद्धच्या सशस्त्र लढ्यात भाग घेतलेल्या जुन्या सैनिकांचा तेथे स्मृतिमेळावा होता. त्या मेळाव्यात त्यांनी पक्षाने जुन्या वाटा सोडून नव्या वाटा शोधल्या पाहिजेत असे सांगितले. याचा अर्थ पक्षाचे नाव बदलणे असाही होतो काय, या वार्ताहरांच्या प्रश्नाला त्यांनी नकार दिला नाही. १९२१ साली लिव्होर्नो येथे स्थापन झालेल्या, ग्राम्शी आणि तोग्लियात्ती यांनी घडविलेल्या आणि त्या घटकेस सुमारे १४ लाख सभासद असलेल्या पक्षाच्या अस्तित्वाचा प्रश्न अशा रीतीने पुढे आला. पक्षाच्या वरिष्ठ समितीत चर्चा होऊन ठराव झालेला नव्हता. समितीची बैठक झाली ती भाषणानंतर, आणि बैठकीपुढे होते ते घडून गेलेले कृत्य.

त्यानंतरच्या पंधरा महिन्यांत पक्ष उभा चिरला गेला. शाखाशाखांत, घराघरांत दोन तट पडले. मार्च १९९० मध्ये बोलोन्या येथे भरलेल्या असाधारण अधिवेशनात ओकेत्तो यांच्या ठरावाला सुमारे ६७ टक्के पाठिंबा मिळाला. पिएत्रो इंग्राव आणि माजी सरचिटणीस अलेस्सांद्रो नात्ता यांच्या विरोधी ठरावाला ३० टक्क्यांच्या आसपास, तर आर्मांदो कोस्सुत्ता यांच्या ठरावाला ३ टक्के. ३ फेब्रुवारी १९९१ रोजी रिमिनी येथे इटालियन कम्युनिस्ट पक्षाचे अस्तित्व संपले आणि डाव्या लोकशाही पक्षाची स्थापना झाली. नव्या पक्षाच्या चिन्हात ओक वृक्ष आला आणि विळा-हातोडा त्या वृक्षाच्या मुळाशी, लहान आकारात, उरला. विरोधकांतील एका गटाने वेगळे होऊन कम्युनिस्ट पुनःस्थापनेची चळवळ सुरू केली. नव्या पक्षाने स्वतःच्या जनकाला सरचिटणीस म्हणून निवडतानाही पहिल्या मतदानात आवश्यक तेवढी मते दिली नाहीत. काही दिवसांनी पुन्हा मतदान घ्यावे लागले. १९९१ अखेर नव्या पक्षाची सभासदसंख्या सुमारे १० लाख भरली. जुन्या पक्षाच्या १४ लाखांपैकी कित्येक लाख कम्युनिस्ट कोणत्याच दाराने आत गेले नाहीत. ते घरी बसले.

ओकेत्तोंच्या बाजूने जे सांगितले जाते

ओकेत्तो यांचा पक्ष घेणारे काही निराधार बोलत नाहीत. पक्षाची घसरण त्यांच्या आधीच सुरू झाली होती. १९७६ मध्ये ३४.४ टक्के मते मिळवणारा पक्ष १९८७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आला होता. पूर्व युरोपातील राजवटी कोसळत होत्या आणि त्या कोसळत असताना रस्त्यावर उतरलेल्या जनतेत कामगारही होते, ही वस्तुस्थिती नाकारून चालणारे नव्हते. अशा वेळी मौन पाळणे हा मार्ग नव्हता. पक्षाने स्वतःला कठोर प्रश्न विचारणे भाग होते. तेव्हा ओकेत्तो यांनी प्रश्न उपस्थित केला म्हणून त्यांना दोष देता येणार नाही.

दोष आहे तो उत्तरात. पक्ष दुबळा का झाला, या प्रश्नाचे उत्तर इटलीच्या कारखान्यांत आणि शेतांत शोधायला हवे होते. १९७६ ते १९७९ या काळात पक्षाने आन्द्रेओत्ती यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक सरकारला विरोधी मतदान न करता तारून धरले आणि राष्ट्रीय ऐक्याच्या नावाने कामगारांना त्यागाचे आवाहन केले. त्या त्यागाच्या बदल्यात कामगारांच्या हाती काय पडले? १९७९ च्या निवडणुकीत मते ३०.४ टक्क्यांवर आली. १९८० च्या शरद ऋतूत तोरिनोच्या फियाट कारखान्यातील ३५ दिवसांचा लढा मोडला. १४ ऑक्टोबर रोजी मुकादम आणि कारकून यांच्यासह सुमारे ४० हजारांचा मोर्चा संपाविरुद्ध निघाला आणि हजारो कामगार कारखान्याबाहेर फेकले गेले. १९८४ मध्ये क्राक्सी सरकारने महागाईभत्त्याच्या सरकत्या श्रेणीला कात्री लावली आणि पुढील वर्षीच्या सार्वमतात ५४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती कात्री कायम ठेवली. कामगारवर्गाच्या या तीन पराभवांत पक्षाच्या दुबळेपणाची कारणे होती. त्यांची चिकित्सा बर्लिनच्या भिंतीच्या ढिगाऱ्यात सापडणार नव्हती.

ओकेत्तो यांनी मात्र रोगाचे निदान पाटीवर केले. पाटी बदलली म्हणजे दुकान चालेल, हा व्यापाऱ्याचा हिशेब त्यांनी कामगारवर्गाच्या पक्षाला लावला. हिशेब म्हणूनही तो खोटा ठरला. १९९२ च्या निवडणुकीत नव्या नावाला १६.१ टक्के मते मिळाली आणि जुन्या नावाने लढलेल्या कम्युनिस्ट पुनःस्थापना पक्षाला ५.६ टक्के. दोन्हींची बेरीजदेखील १९८७ च्या आकड्यापर्यंत पोचत नाही.

याहून मोठी हानी वेगळीच होती. फेब्रुवारी १९९२ मध्ये मिलान येथे लाचलुचपतीची प्रकरणे बाहेर येऊ लागली आणि दोन वर्षांत ख्रिश्चन डेमोक्रॅटिक व समाजवादी हे सत्ताधारी पक्ष पाचोळ्यासारखे उडाले. चार दशकांत भांडवलदारी राजवट इतकी उघडी पडली नव्हती. सत्तेच्या वाटपाबाहेर ठेवलेल्या, तुलनेने कमी डाग लागलेल्या पक्षाला याहून अनुकूल घडी मिळणे शक्य नव्हते. १९९३ च्या महापालिका निवडणुकांत रोम, नापोली, जेनोवा, व्हेनिस या शहरांत डाव्यांच्या पाठिंब्याचे महापौर निवडून आले, यावरून लोक कोणाकडे पाहत होते ते कळते. पण या घडीला तो पक्ष स्वतःचे भांडवल स्वतःच्या हाताने मोडीत काढून बसला होता. मी कम्युनिस्ट नाही, असे सांगण्यात ज्याची चार वर्षे गेली, तो मी कोण आहे हे सांगू शकला नाही. मोकळे पडलेले मैदान बेर्लुस्कोनीने मारले. तो मात्र रोज उठून कम्युनिस्टांचा धोका सांगत होता आणि मते मिळवत होता. पाटी बदलली तरी शत्रू ओळखायला विसरला नव्हता.

दोनतृतीयांश बहुमताचे कोडे

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पक्षाचे विसर्जन ओकेत्तो यांनी एकट्याने केले नाही. दोन अधिवेशनांत दोनतृतीयांश प्रतिनिधींनी त्यांना साथ दिली. मग ज्या पक्षाने फॅसिझमशी शस्त्राने झुंज दिली, त्याचे प्रतिनिधी इतक्या सहज का वळले?

याचे एक उत्तर असे की, पक्षात शिस्त होती पण वादाची सवय उरली नव्हती. वर्षानुवर्षे धोरण वर ठरत होते आणि खाली समजावून सांगितले जात होते. सरचिटणीसाचा शब्द म्हणजे पक्षाचा शब्द, हे समीकरण रुजले होते. त्यामुळे सरचिटणीसाने पक्षच नको म्हटले तेव्हा असंख्य निष्ठावंतांनी निष्ठेपोटीच होकार भरला. नेत्याला विरोध करणे म्हणजे पक्ष फोडणे, असे ज्यांना शिकवले गेले होते, त्यांनी पक्ष फुटू नये म्हणून पक्ष मोडायला हात वर केला. बोलोन्या अधिवेशनात ओकेत्तो यांना अश्रू आवरले नाहीत. ते अश्रू खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण अश्रूंनी ठरावाची छाननी होत नाही, आणि नेत्याच्या भावनावेगाशी समरस होणे म्हणजे पक्षांतर्गत लोकशाही नव्हे.

लोकशाही केंद्रीयतेतील लोकशाही हा शब्द शोभेचा नाही. तो गळला म्हणजे केंद्रीयता जशी पक्ष चालवायला उपयोगी पडते तशीच ती पक्ष बुडवायलाही उपयोगी पडते. शिस्तीला नावे ठेवणाऱ्या भांडवलदारी टीकाकारांना हे दिसत नाही आणि शिस्तीची नुसती जपमाळ ओढणाऱ्यांनाही दिसत नाही.

माणूस गेला, मार्ग राहिला

जून १९९४ मध्ये हा सर्व हिशेब मांडण्याची संधी आली होती. बोलोन्यिनाच्या भाषणाला पाच वर्षेही झाली नव्हती. पक्षापुढे दोन प्रश्न ठेवता आले असते : १९८९ चा निर्णय बरोबर होता काय, आणि कामगारवर्गापासून पक्ष का तुटला? प्रत्यक्षात पक्षापुढे एकच प्रश्न ठेवण्यात आला : आता सरचिटणीस कोण? मास्सिमो दालेमा आणि वाल्तेर वेल्त्रोनी या दोघांत लढत झाली. १ जुलै १९९४ रोजी राष्ट्रीय परिषदेने १७३ विरुद्ध २४९ मतांनी दालेमा यांची निवड केली. दोघेही १९८९ च्या वळणाचे समर्थक होते. वळणाला विरोध करणारे इंग्राव आदल्याच वर्षी पक्षातून बाहेर पडले होते. म्हणजे निवड होती ती एकाच रस्त्यावरील दोन गाडीवानांत.

त्यानंतर गाडी कोठे गेली? १९९७ मध्ये प्रोदी सरकारने, या पक्षाच्या पाठिंब्यावर, हंगामी कामगार पुरवणाऱ्या कंपन्यांना कायदेशीर मान्यता दिली. १९९८ मध्ये पक्षाने पुन्हा नाव बदलले आणि ओक वृक्षाच्या मुळाशी उरलेला विळा-हातोडाही काढून टाकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दालेमा पंतप्रधान झाले. कम्युनिस्ट पक्षातून आलेला पश्चिम युरोपातील एका मोठ्या देशाचा पहिला पंतप्रधान म्हणून त्यांचे कौतुक झाले. आणि याच पंतप्रधानाच्या कारकिर्दीत, मार्च १९९९ पासून, इटलीच्या तळांवरून नाटोची विमाने युगोस्लाव्हियावर बाँबफेक करू लागली. जुलै २००० मध्ये ग्राम्शी यांनी १९२४ साली सुरू केलेले ‘लुनिता’ हे दैनिक बंद पडले. पुढे ते खाजगी मालकांच्या हाती अधूनमधून निघत राहिले. २००७ मध्ये जुन्या ख्रिश्चन डेमोक्रॅटांच्या एका प्रवाहाशी विलीन होऊन लोकशाही पक्ष तयार झाला आणि ‘डावा’ हा शब्दही नावातून गेला. २०१३ च्या अखेरीस त्या पक्षाचे सरचिटणीसपद मात्तेओ रेंझी यांच्याकडे आले. ते ख्रिश्चन डेमोक्रॅटिक परंपरेतून आलेले होते. ज्यांच्याशी चार दशके झुंज दिली त्यांचाच वारसदार घरधनी झाला.

इटलीतील कामगारांनी १९६९ च्या प्रचंड संपलढ्यांनंतर १९७० मध्ये कामगारहक्कांचा कायदा मिळवला होता. त्याच्या १८ व्या कलमाने, पंधराहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत, अन्यायाने काढून टाकलेल्या कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा हक्क दिला. २००२ मध्ये बेर्लुस्कोनी सरकारने या कलमाला हात घातला तेव्हा २३ मार्च रोजी कामगारसंघटनेने रोममध्ये विराट सभा भरवली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. हे कलम पुढे कोणी निष्प्रभ केले? २०१२ मध्ये मोन्ती सरकारने ते सैल केले, लोकशाही पक्षाच्या मतांच्या आधारे. आणि २०१५ मध्ये खुद्द रेंझी सरकारने नव्याने कामाला लागणाऱ्यांपुरते ते जवळजवळ संपवले. अन्याय्य बडतर्फीबद्दल मालकाने बहुतेक प्रकरणी नुकसानभरपाई दिली की पुरे, अशी व्यवस्था झाली. उघड उजव्यांना जे जमले नाही ते डाव्यांच्या वारसदारांनी करून दाखवले. जून २०२५ मध्ये हा कायदा रद्द करण्यासाठी कामगारसंघटनेने सार्वमत घडवून आणले, तेव्हा सुमारे ३० टक्केच मतदार मतदानाला आले आणि निम्म्या मतदारांच्या उपस्थितीची अट पुरी न झाल्याने सार्वमत बाद ठरले. तोवर लोकशाही पक्षाचे नेतृत्व बदलले होते आणि त्याने कायदा रद्द करण्याची बाजू घेतली होती. पण जो वर्ग दहा वर्षे वाऱ्यावर सोडला, तो हाक मारताच गोळा होत नसतो.

उजव्या बाजूचे चित्रही पाहावे. २०२२ च्या निवडणुकीत जॉर्जा मेलोनी यांच्या पक्षाला २६ टक्के मते मिळाली आणि त्या पंतप्रधान झाल्या. त्यांच्या पक्षाच्या चिन्हात जुन्या नवफॅसिस्ट पक्षाची तिरंगी ज्योत कायम होती. फॅसिस्टांच्या वारसांना आपली ज्योत लपवावीशी वाटली नाही. फॅसिझमपासून देश सोडवणाऱ्यांच्या वारसांना मात्र आपल्या चिन्हाची लाज वाटली होती.

नुसते नाव पुरत नाही

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की नाव आणि झेंडा राखला म्हणजे पक्ष राखला. इटलीचाच अनुभव त्याला आडवा येतो. कम्युनिस्ट पुनःस्थापना पक्षाने नाव राखले, चिन्हही राखले. पण १९९८ मध्ये प्रोदी सरकारला पाठिंबा द्यावा की काढून घ्यावा यावरून तो दुभंगला. २००६ मध्ये तोच पक्ष प्रोदी यांच्या दुसऱ्या सरकारात सामील झाला. २००८ मध्ये इतर डाव्या गटांसह लढताना त्या आघाडीला सुमारे ३ टक्के मते मिळाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच इटलीच्या संसदेत एकही कम्युनिस्ट प्रतिनिधी उरला नाही. ज्या पराभवांची चिकित्सा ओकेत्तो यांनी टाळली, तिचे काम ओकेत्तो यांना विश्वासघातकी ठरवून संपले असे मानणाऱ्यांनीही ती टाळली. एकाने नाव बदलून प्रश्न मिटवला, दुसऱ्याने नाव राखून. प्रश्न मिटला नाही.

नेत्यावर सारे खापर फोडणे आणि नेत्यावर सारी भिस्त ठेवणे ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. दोन्हींत पक्ष म्हणजे एक माणूस असे गृहीत धरलेले असते. भांडवलदारी पक्षांत ते खरेही असते. तेथे नेता बदलला की दुकानाचा मालक बदलतो. कामगारवर्गाच्या पक्षाने हे गृहीत मान्य केले त्या क्षणी तो आपले वेगळेपण गमावतो.

भारतातील सभासदांपुढील प्रश्न

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर भारतातही पक्षाचे नाव आणि झेंडा यांबद्दल प्रश्न विचारले गेले. १९९२ च्या अधिवेशनांनंतर देशातील दोन्ही प्रमुख कम्युनिस्ट पक्ष आपले नाव आणि झेंडा घेऊन उभे राहिले. त्या निर्णयाचा अभिमान बाळगणे योग्य आहे. परंतु २००४ च्या लोकसभेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे ४३ आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे १० सभासद निवडून आले होते, आणि २०२४ मध्ये हीच संख्या अनुक्रमे ४ आणि २ होती, हेही तितकेच खरे आहे. प्रत्येक पराभवानंतर नेतृत्व बदला ही हाक उठते. ती हाक नेहमीच चुकीची असते असे नाही. थकलेल्या, चुकलेल्या नेतृत्वाने दूर होणे अनेकदा आवश्यक असते, आणि पदाला चिकटून बसणे हा काही क्रांतिकारक गुण नव्हे.

पण राजीनामा हातात पडला की काम झाले, असे समजण्यात धोका आहे. इटलीचा अनुभव सांगतो की राजीनाम्यापूर्वी पक्षापुढे अहवाल आला पाहिजे. धोरण काय होते, ते कोणी, कोणत्या बैठकीत, कोणत्या आधारावर ठरवले, कारखान्यात, शेतमजुरांत, असंघटित कामगारांत त्याचा काय परिणाम झाला, अल्पमतात पडलेल्यांनी तेव्हा काय सांगितले होते, या प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात शाखेपर्यंत यावयास हवीत. शाखेने त्यावर मत द्यावे, ते वर पोचावे, आणि मग नेता राहतो की जातो हे ठरावे. क्रम उलटा झाला तर नवा नेता जुन्याच मार्गाने जातो आणि पुढच्या पराभवानंतर त्याचाही राजीनामा तेवढ्याच समाधानाने स्वीकारला जातो.

ओकेत्तो यांच्या राजीनाम्यानंतर इटलीच्या डाव्यांनी अनेक सरचिटणीस बदलले. पूर्वीच्या १४ लाख सभासदांपैकी जे १९९१ मध्ये घरी बसले, त्यांना का बसावेसे वाटले, हे विचारायला त्यांच्यापैकी फारच थोडे त्या घरांपर्यंत गेले. भारतातील प्रत्येक शाखेच्या जुन्या नोंदवहीतही अशी नावे सापडतील. पुढच्या अधिवेशनाची तयारी करताना ती नोंदवही उघडावी, त्या नावांच्या दारी जावे आणि ते काय सांगतात ते ऐकून घ्यावे. नेतृत्वाचा प्रश्न त्यानंतर अधिक शहाणपणाने सोडवता येईल.